वाचकांचे प्रश्न : फाशीची जरब नेमकी कुणाला बसते?

एखादा भयंकर गुन्हा घडला की या सदराच्या टपालात फाशीवरची पत्रं वाढतात. यावेळी त्यातली आठ निवडली आहेत. उत्तरं गुन्हेशास्त्र आणि फौजदारी कायदा या विषयांवर आमच्यासाठी नेहमी लिहिणाऱ्यांनी दिली आहेत.

फाशीमुळे खून कमी होतात की नाही, एका वाक्यात सांगा. फाटे फोडू नका.
(निवृत्त मुख्याध्यापिका, मिरज)

जन्मठेपेपेक्षा फाशीमुळे जास्त खून टळतात, असं आजवर कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. झालं एक वाक्य. पण बाई, फाटे फोडल्याशिवाय ते नीट कळणार नाही, तेव्हा थोडं सोसा.

पहिली गोष्ट तुलनेची. ‘शिक्षेने जरब बसते का’ हा प्रश्नच नाही, ती बसतेच. खुन्याला वीस-पंचवीस वर्षं किंवा मरेपर्यंत तुरुंगात ठेवल्याने जेवढी जरब बसते, तिच्या वर फाशी आणखी किती भर घालते, एवढाच वाद आहे. चहाच्या टपरीवरच्या चर्चेत ही पायरी गळते आणि ‘फाशी नको’ म्हणणारा माणूस ‘सोडून द्या’ म्हणतोय असं धरलं जातं.

दुसरी गोष्ट मोजमापाची. १९७५ मध्ये आयझॅक एर्लिक या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने दर वर्षाचे खून, फाशी, बेरोजगारी, उत्पन्न असे आकडे एका समीकरणात बसवले आणि एका फाशीमागे सात-आठ खून टळतात असा निष्कर्ष काढला. तो खूप गाजला. मग इतरांनी तेच आकडे घेऊन शेवटची काही वर्षं वगळली, समीकरणाची धाटणी जरा बदलली, आणि परिणाम नाहीसा झाला. पुढची तीस-पस्तीस वर्षं हेच चाललं. कुणाला एका फाशीमागे अनेक जीव वाचलेले दिसले, तर कुणाला उलट खून वाढलेले. अखेर अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने सगळे अभ्यास तपासून २०१२ मध्ये सांगितलं की फाशीने खून वाढतात, घटतात की काहीच होत नाही, यातलं काहीही या अभ्यासांतून कळत नाही, म्हणून धोरण ठरवताना ते वापरू नयेत. चुका कुठे होत्या, तेही परिषदेने नोंदवलं. फाशीला पर्याय असलेल्या तुरुंगवासाचा परिणाम हिशेबात घेतलेला नव्हता. खून करणाऱ्याला फाशीची शक्यता किती वाटते हे कुणी मोजलं नव्हतं, ते गृहीत धरलेलं होतं. आणि बाकीची गृहीतकंही पडताळून पाहता येण्यासारखी नव्हती.

हे दोन्ही बाजूंना लागू आहे. ‘फाशीने जरब बसत नाही हे सिद्ध झालंय’ असं बेधडक लिहिणारे विरोधकही जरा पुढेच जातात. जरब दिसत नाही एवढंच म्हणता येतं. पण ज्या शिक्षेत चूक झाली तर दुरुस्त करता येत नाही, तिचा फायदा दाखवण्याची जबाबदारी ती मागणाऱ्यावर पडते, असं आम्हाला वाटतं.

आपल्याकडचे दाखले पाहा. त्रावणकोर संस्थानात १९४४ मध्ये फाशी बंद झाली आणि राज्यघटना आल्यावर पुन्हा सुरू झाली. फाशी नसलेल्या १९४५ ते १९५० या काळात तिथे ९६२ खून नोंदले गेले. फाशी परत आल्यानंतरच्या जवळपास तेवढ्याच काळात ९६७. भारतभरात १९९२ मध्ये लाख लोकसंख्येमागे ४.६ खून होत होते, २०१३ मध्ये २.७ झाले आणि पुढेही घटच आहे. ही घट झाली त्याच काळात प्रत्यक्ष फाशी जवळजवळ थांबली होती. कॅनडाने १९७६ मध्ये फाशी रद्द केली तेव्हा खुनाचं प्रमाण लाखामागे तीनच्या आसपास होतं. चार वर्षांत ते अडीचच्याही खाली आलं. यावरून फाशी रद्द केल्यामुळे खून घटले असं मात्र म्हणू नका. लोकसंख्येतल्या तरुणांचं प्रमाण, दारू, हत्यारांची उपलब्धता, जखमीला किती लवकर इस्पितळात पोचवता येतं, अशी दहा कारणं त्यात असतात.

मग जरब बसते तरी कशाने?
(वाचक, अहिल्यानगर)

पकडलं जाण्याच्या खात्रीने. हे १७६४ मध्ये इटलीचा विचारवंत बेक्कारिया याने लिहून ठेवलं आणि त्यानंतरच्या संशोधनाने त्यात फारसा बदल केलेला नाही. शिक्षेची कठोरता, खात्री आणि तत्परता या तिन्हींत कठोरतेचा नंबर शेवटचा.

आता आपली खात्री किती, हिशेब करा. या शतकात भारतात आजवर आठ जण फासावर गेले : २००४ मध्ये कोलकात्याला एक, २०१२ मध्ये येरवड्याला कसाब, २०१३ मध्ये तिहारला अफझल गुरू, २०१५ मध्ये नागपूरला याकूब मेमन आणि २० मार्च २०२० रोजी तिहारमध्ये निर्भया प्रकरणातले चौघे. याच काळात देशात सात लाखांहून अधिक खून नोंदले गेले. आठातले तिघे दहशतवादाच्या खटल्यांतले, ते बाजूला ठेवले तर उरतात पाच. दुसरीकडे न्यायालयात निकाल लागलेल्या खून खटल्यांत आरोप सिद्ध होण्याचं प्रमाण चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांच्या घरात आहे. म्हणजे फाशीपर्यंत जाऊच नका, निम्म्याहून अधिक निकालांत जन्मठेपही होत नाही. पंच फितूर होतात, पंचनाम्यातली वेळ आणि जप्तीची वेळ जुळत नाही, प्रयोगशाळेला पाठवलेल्या पाकिटाचं सील कुणी कधी लावलं याची नोंद सापडत नाही. जरब तिथून गळते. भोक बुडाला असताना घागरीचा गळा कितीही मजबूत केला तरी पाणी राहणार कसं?

शिवाय बरेचसे खून भांडणात, दारूच्या नशेत, बांधाच्या वादात, संशयावरून होतात. त्या क्षणी कुणी कायद्याचं कलम आठवत नाही. जो थंड डोक्याने कट रचतो तो पकडलं न जाण्याचा बेत आधी करतो. शिक्षा कोणती, याचा विचार त्यानंतर.

पोलीस, वकील, न्यायाधीश हे रोज गुन्हेगार पाहतात. त्यांचं मत काय?
(वकिलीचा विद्यार्थी, लातूर)

धंद्यागणिक मत बदलतं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अमेरिकेतल्या आघाडीच्या गुन्हेशास्त्रज्ञांपैकी ८८ टक्क्यांनी फाशीची वेगळी जरब बसत नाही असं सांगितलं. मात्र उत्तरं देणारे शंभराच्या आत होते आणि त्यांना संशोधनाच्या आधारे मत विचारलं होतं, मनातलं नव्हे. त्याच सुमारास तिथल्या पाचशे पोलीसप्रमुखांना हिंसक गुन्हे कमी करायला काय उपयोगी पडेल असं विचारलं, तेव्हा फाशीचा वापर वाढवणं यादीत अगदी तळाला गेलं. ही पाहणी फाशीवर टीका करणाऱ्या संस्थेने करवून घेतली होती, हे ध्यानात ठेवून ती वाचावी. तरीही एक गोष्ट खरी, की त्यातले बरेच पोलीसप्रमुख तत्त्व म्हणून फाशीच्या बाजूचे होते. शिक्षा योग्य वाटणं आणि ती उपयोगी वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भारतातली कागदपत्रं आणखी बोलकी आहेत. विधी आयोगाने १९६७ च्या ३५ व्या अहवालात फाशी ठेवावी असं म्हटलं. २०१५ मध्ये न्या. अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने २६२ व्या अहवालात दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे सोडून ती रद्द करावी अशी शिफारस केली. आयोगातल्या तिघांनी ही शिफारस अमान्य केली. १९८० च्या बचनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी फाशी घटनेत बसते असं ठरवलं, पण जरब बसते असा निर्वाळा दिला नाही. जाणकारांतच मतभेद आहेत, तेव्हा संसदेचा निर्णय अवाजवी म्हणता येणार नाही, एवढंच त्यांनी म्हटलं. पाचवे न्या. भगवती, त्यांनी विरोधी निकालपत्रात जरबेचा दावा पुराव्यासकट खोडून काढला.

२०१७ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने सर्वोच्च न्यायालयाच्या ६० माजी न्यायमूर्तींच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. फाशी ठेवावी म्हणणाऱ्यांनी जरबेचं कारण वारंवार दिलं. पण तपासात मारहाण होते, खोटे पुरावे उभे केले जातात, हेही याच न्यायमूर्तींनी जवळपास एकमुखाने मान्य केलं. ही दोन मतं एकाच माणसाच्या डोक्यात शेजारी-शेजारी नांदतात, आणि वकिली करताना तुम्हाला ती रोज भेटतील.

सिंगापूरमध्ये फाशी आहे म्हणूनच तिथे गुन्हे नाहीत ना?
(वाचक, ठाणे)

शेजारी हाँगकाँग ठेवून पाहा. तितकंच दाट, तितकंच श्रीमंत बंदर. तिथे शेवटची फाशी १९६६ मध्ये झाली आणि १९९३ मध्ये शिक्षाच रद्द झाली. सिंगापूरमध्ये नव्वदच्या दशकाच्या मध्यात एका वर्षात सत्तरहून अधिक जण फासावर गेले, नंतर हा आकडा झपाट्याने उतरला. झिमरिंग, फॅगन आणि जॉन्सन या अमेरिकी अभ्यासकांनी दोन्ही शहरांचे साडेतीन दशकांचे खुनाचे आलेख एकावर एक ठेवले. दोन्ही आलेख जवळपास सारखेच खाली येतात. सिंगापूरने फाशी वाढवली किंवा कमी केली म्हणून फरक दिसत नाही.

शिक्षा सुनावल्यावर वर्षानुवर्षं का लागतात? लगेच अंमल केला तर जरब बसेल.
(शेतकरी, बार्शी)

वाट कशी आहे ते आधी पाहू. सत्र न्यायालयाने दोषी ठरवल्यावर शिक्षेवर वेगळी सुनावणी घ्यावी लागते आणि फाशी दिली तर खास कारणं लिहावी लागतात. मग आरोपीने अपील केलं नाही तरी खटला उच्च न्यायालयाकडे शिक्कामोर्तबासाठी जातोच. तिथे दोन न्यायमूर्ती सगळा पुरावा नव्याने वाचतात. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात तीन न्यायमूर्तींपुढे अपील, मग खुल्या न्यायालयात पुनर्विलोकन, म्हणजे त्याच निकालाचा फेरविचार (२०१४ पासून हा हक्क आहे), मग राज्यपाल आणि राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने या अर्जाला ३० आणि ६० दिवसांच्या मुदती घातल्या आहेत. राष्ट्रपतींनी अर्ज फेटाळल्याचं कैद्याला कळवल्यापासून फाशीपर्यंत किमान १४ दिवस जाऊ द्यावे लागतात आणि शेवटी सत्र न्यायालय वॉरंट काढतं.

अडतं कुठे? मराठी जबान्यांचं इंग्रजी भाषांतर आणि अपिलाची कागदपत्रं तयार होईपर्यंत महिने जातात. आरोपीचा वकील बदलला की पुन्हा पहिल्यापासून. आणि सगळ्यात मोठी दिरंगाई बहुतेकदा कोर्टात होतच नाही, ती सरकारी टेबलांवर होते. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणींच्या दयेच्या अर्जांवर सरकारने सुमारे आठ वर्षं घालवली, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये त्यांची फाशी जन्मठेपेत बदलली. २००७ च्या पुण्यातल्या बीपीओ कर्मचारी तरुणीच्या खुनात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये फाशी कायम केली. पण दयेचे अर्ज आणि वॉरंट यांत मिळून चार वर्षांहून अधिक काळ गेला आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने फाशीचं ३५ वर्षांच्या कैदेत रूपांतर केलं. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

म्हणजे तुमची तक्रार रास्त आहे. उपाय मात्र फसवा आहे. २००३ च्या नाशिक जिल्ह्यातल्या एका खून-बलात्काराच्या प्रकरणात भटक्या समाजातल्या सहा जणांना फाशी झाली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेवर आणली, सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ती पुन्हा फाशीवर नेली. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने पुनर्विलोकनात सहाही जणांना निर्दोष ठरवलं, प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं आणि तपास करणाऱ्यांवर कारवाईचे आदेश दिले. २००९ नंतर ‘लगेच अंमल’ झाला असता तर? सोळा वर्षं तुरुंगात गेली, पण माणसं घरी तरी आली.

सत्र न्यायालयांनी दिलेल्या फाशींपैकी शेवटपर्यंत टिकणाऱ्या शेकड्यात पाचच्या आसपास आहेत. तरी सत्र न्यायालयांचा हात आखडलेला नाही : २०२२ मध्ये त्यांनी १६५ जणांना फाशी सुनावली, दोन दशकांतला हा उच्चांक. खालच्या कोर्टात ती वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येते, वर रद्द होते तेव्हा आतल्या पानावर चार ओळी. लोकांच्या मनातली फाशी आणि कारागृहातली फाशी यांतलं अंतर तिथेच पडतं.

लहान मुलींवर अत्याचार करणाऱ्याला तरी फाशी हवीच. यात कसला वाद?
(दोन मुलींची आई, जळगाव)

कायद्यात ती आली आहे. २०१८ मध्ये बारा वर्षांखालील मुलीवरच्या बलात्कारासाठी आणि २०१९ मध्ये पोक्सो कायद्यात. भारतीय न्याय संहितेतही आहे. वाद आहे तो मुलींच्या सुरक्षेचाच, म्हणून जरा सविस्तर.

बलात्काराच्या नोंदींत दर वर्षी नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी पीडितेच्या ओळखीचे असतात : नातेवाईक, शेजारी, शिकवणीवाले. घरातल्याच माणसाला फाशी होणार असं दिसलं की आजी, आई, काका तक्रार मागे घ्यायला मुलीवर दबाव आणतात. मूल बोलायचं थांबतं. दुसरा धोका असा की बलात्काराला आणि खुनाला एकच शिक्षा असेल, तर साक्षीदार मागे न ठेवण्याचं कारण गुन्हेगाराला आयतं मिळतं. न्या. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये देशभरातून आलेली निवेदनं वाचून बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नाही. या समितीत न्या. लीला सेठ आणि गोपाल सुब्रमण्यम हेही होते. निर्भयानंतरचा संताप शिगेला असताना त्यांनी हे लिहिलं. सरकारने तरीही काही प्रसंगांत फाशी घातली.

मुंबईच्या शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणात तिघांना सत्र न्यायालयाने २०१४ मध्ये फाशी दिली. उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती मरेपर्यंतच्या जन्मठेपेवर आणताना लोकक्षोभ पाहून शिक्षा ठरवता येत नाही असं स्पष्ट केलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपल्या विधिमंडळाने शक्ती विधेयक मंजूर केलं, त्यातही फाशी होती. राष्ट्रपतींची मान्यता त्याला मिळाली नाही.

बलात्काराच्या निकालांत शिक्षा होण्याचं प्रमाण सत्तावीस-अठ्ठावीस टक्के आहे. ते वाढवायचं तर मुलीची वैद्यकीय तपासणी चोवीस तासांत व्हावी, जबाब महिला अधिकाऱ्याने शक्यतो मुलीच्या घरीच नोंदवावा, डीएनएचे नमुने थंड ठेवून वेळेत पोचवावेत, आणि खटला चालू असताना कुटुंबाला सांभाळणारं कुणीतरी नेमलेलं असावं. यातल्या बहुतेक गोष्टी कायद्यात लिहिलेल्या आहेत. होत नाहीत. फाशीची मागणी केली की मंत्र्याला टाळ्या मिळतात. डीएनए पेटीच्या खरेदीला कोण टाळ्या देणार?

कॉलेजच्या प्रकल्पासाठी गावात फाशीवर पाहणी करायची आहे. प्रश्नावली कशी करू?
(समाजशास्त्राची विद्यार्थिनी, कुडाळ)

‘तुम्ही फाशीच्या बाजूने आहात का?’ एवढाच प्रश्न विचारलात तर उत्तर आधीच माहीत आहे. तो तीन भागांत तोडा. फाशी योग्य वाटते का? तिच्यामुळे खून कमी होतात असं वाटतं का? खून कमी होत नाहीत असं कळलं तरी ती हवी का? हे वेगळे ठेवणं का गरजेचं, ते गॅलप या मतचाचणी संस्थेच्या अमेरिकी पाहण्यांतून दिसतं. १९८५ मध्ये ६२ टक्के लोक जरब बसते म्हणत होते, २०११ मध्ये ३२ टक्केच. पण २०११ मध्येही फाशीला पाठिंबा ६१ टक्के होता. म्हणजे निम्म्या समर्थकांना जरबेशी देणंघेणं नव्हतं. गुन्हेगाराला केल्याचं फळ मिळावं, एवढंच त्यांना हवं होतं. ती प्रामाणिक भूमिका आहे आणि तिच्याशी वाद वेगळ्या पातळीवर घालावा लागतो.

पर्यायही द्या. २०१९ मध्ये गॅलपने ‘फाशी की सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप’ असं विचारलं तेव्हा ६० टक्क्यांनी जन्मठेप निवडली. मग दोन-तीन ठोस प्रसंग लिहा. नुसता ‘खून’ न म्हणता आरोपीचं वय, पुरावा प्रत्यक्षदर्शी आहे की परिस्थितिजन्य, आधीचा गुन्हा आहे का, हे घाला. तोच माणूस प्रसंगागणिक वेगळं उत्तर देतो. ‘सांगता येत नाही’ हा पर्याय ठेवाच. ‘नराधम’, ‘बिचारा’ असले शब्द प्रश्नात येऊ देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्म फिरवलात तर उत्तरं हजार आली तरी ती तुमच्या ओळखीतल्यांची. मतदारयादीतून चिठ्ठ्या टाकून चारशे घरं निवडलीत तर आकडा पाच टक्के इकडे-तिकडे एवढ्या भरवशाचा येतो. गावात किंवा टीव्हीवर नुकतं एखादं प्रकरण गाजत असेल तर महिनाभर थांबा, नाहीतर तारीख ठळक लिहा.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, मग बाहेर. खरं ना?
(वाचक, पणजी)

खोटं. जन्मठेप म्हणजे उरलेलं आयुष्य, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये गोपाळ विनायक गोडसे यांच्याच खटल्यात सांगितलं. चौदा वर्षं ही खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षेत सूट देण्याचा विचार करण्याआधीची किमान मर्यादा आहे, आपोआप सुटकेची तारीख नव्हे. २००८ पासून न्यायालय वीस, पंचवीस, तीस वर्षं किंवा मरेपर्यंत सूट नाही असंही लिहू शकतं, आणि फाशी रद्द करताना बहुतेकदा तसंच लिहितं.